उपाशी शरीर आणि कामेच्छा



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, हा कामगार संघटनेचा माणूस किमान वेतन, बोनस किंवा कंत्राटी कामगार यांपैकी कशावर तरी बोलेल. आजचा विषय कळवल्यावर त्यांतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तो नक्की हाच ना, याची दोनदा खात्री करून घेतली. विषय हाच आहे. माणूस गरजेपेक्षा कमी खाऊ लागला म्हणजे त्याच्या कामेच्छेचे काय होते, हे आज आम्हांला सांगावयाचे आहे. वेतनाची गोष्टही त्यात ओघाने येईल, कारण पोट आणि वेतन यांना वेगळे करणे आजवर कोणाला जमलेले नाही.

या विषयावर मराठीत तोंड उघडणारे आम्ही पहिले नव्हे. र. धों. कर्वे यांनी १९२७ सालापासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यापायी त्यांच्यावर खटले झाले, आणि १९३४ साली त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. स्त्रीपुरुषसंबंधांविषयी स्वच्छ शब्दांत बोलावे, हा धडा त्या माणसांनी आपल्याला किंमत मोजून दिलेला आहे. तो गिरवताना आज आम्हांला काहीच मोजावे लागत नाही. तेव्हा संकोच बाजूला ठेवू.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा लवकर सुटली, आणि पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात व कामगारांच्या संगतीत झाले. म्हणून पदरचे काही सांगणार नाही. जे इतरांनी मोजून ठेवले आहे ते सांगू, आणि जिथे आपले पाहिलेले सांगू तिथे तसे स्पष्ट म्हणू.

कमी खाणारी माणसे तीन प्रकारची असतात. मिळत नाही म्हणून कमी खाणारी. व्रत किंवा निर्धार म्हणून कमी खाणारी. आणि वजन उतरावे म्हणून कमी खाणारी. पहिल्या प्रकाराची आपण कीव करतो, दुसऱ्याला नमस्कार करतो, आणि तिसऱ्याला विचारतो की कोणता आहार चालू आहे. शरीर मात्र असा भेद करीत नाही. आत किती आले आणि बाहेर किती गेले, एवढाच हिशेब त्याला कळतो. हा हिशेब उष्मांकांत, म्हणजे ज्याला आपण बोलताना कॅलरी म्हणतो त्या मापात, मांडतात.

हा हिशेब सर्वांत काटेकोरपणे मांडला गेला तो अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात. दुसरे महायुद्ध संपत आले होते. युरोपात लक्षावधी माणसे उपाशी होती, आणि त्यांना पुन्हा उभे करावयाचे तर कसे, याचे शास्त्र कोणापाशी नव्हते. अँसेल कीज नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १९ नोव्हेंबर १९४४ रोजी विद्यापीठाच्या क्रीडागाराच्या प्रेक्षकसज्जाखाली असलेल्या प्रयोगशाळेत ३६ तरुण जमवले. ते सारे सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र धरण्यास नकार दिलेले होते. आम्ही मारणार नाही, पण उपाशी लोकांच्या कामी येणार असेल तर स्वतः उपाशी राहू, अशी त्यांची वृत्ती. सक्तीने आणलेले, दुबळे किंवा आजारी असे त्यांत कोणी नव्हते. निरोगी, सुशिक्षित आणि मनाने कणखर अशीच माणसे निवडली होती.

पहिले १२ आठवडे त्यांना दिवसाला सुमारे ३२०० उष्मांकांचे भरपूर जेवण मिळाले. मग १२ फेब्रुवारी १९४५ पासून २४ आठवडे सुमारे १५७० वर आणले. दिवसातून दोन जेवणे. त्यांत बटाटे, सलगमासारखे कंद, कोबी, जाडा पाव, मॅकरोनी. मांस नावापुरते. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालणे सक्तीचे. म्हणजे काम तेच, आणि ताट अर्ध्यावर.

सहा महिन्यांत वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले. नाडी मंदावली. उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजू लागली. आणि आपल्या विषयाशी संबंध आहे ती गोष्ट अशी की, त्यांच्यातली कामेच्छा हळूहळू मावळत गेली. ज्यांचे मैत्रिणींशी भेटणे-फिरणे चालू होते त्यांचे ते थांबले. कोणाला भांडण झाले म्हणून नव्हे, कोणाचा राग आला म्हणून नव्हे, भेटावेसेच वाटेना. सिनेमाला गेले तर पडद्यावरच्या प्रेमप्रसंगांत त्यांना रस उरला नव्हता. पात्रे जेवायला बसली की मात्र डोळे ताठ होत. काहींनी पाककृतींची पुस्तके जमवली. जन्मात कधी स्वयंपाक न केलेले पुरुष रात्री अंथरुणावर पडून पदार्थांच्या कृती वाचीत. ताटे चाटून पुसली जात. च्युइंगम चघळून चघळून जबडे दुखेपर्यंत मजल गेली.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. १५७० हा आकडा स्वतः काही भयंकर नाही. लहान चणीच्या, बसून काम करणाऱ्या बाईला तेवढे जवळपास पुरेल. या तरुणांना तो मारक ठरला, कारण त्यांची गरज त्याच्या दुप्पट होती. नुकसान करते ती तूट. अमुक इतकेच खा, असा एकच आकडा घेऊन सगळ्या गावाला सांगत सुटणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरे असे की, इच्छा गेली ती शेवटी नव्हे. माणूस हाडांचा सापळा झाल्यावर, मरणाच्या दारात पोचल्यावर ती जाते, असा आपला समज असतो. मिनेसोटातली माणसे चालत होती, बोलत होती, नेमून दिलेली कामे करीत होती. आणि तरी हे दालन मिटत आले होते.

असे का होते? आमच्या धंद्यातला दाखला देतो. कारखान्याची आवक घटली म्हणजे मालक काय करतो? बॉयलर बंद करीत नाही. पहारेकरी काढीत नाही. तो पहिली कात्री लावतो विस्ताराला. नवी भरती थांबवतो, नव्या विभागाचे बांधकाम थांबवतो. शरीराचे व्यवस्थापन याच रीतीने चालते. हृदय चालले पाहिजे, मेंदू चालला पाहिजे. उद्याच्या पिढीचे मग पाहू. प्रजननाचा विभाग हा शरीराचा विस्तारविभाग आहे. छाटणीची पहिली नोटीस तिथे लागते. 'आधी पोटोबा, मग विठोबा' असे आपण म्हणतो. शरीर तर म्हणते, आधी पोटोबा, मग बाकी सगळेच.

ही नोटीस निघते कोठून, तेही आता पुष्कळसे कळले आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. तो ठरावीक अंतराने ठोके दिल्यासारखा इशारा सोडतो. तो इशारा खालच्या पियुषिका ग्रंथीला पोचतो. तिच्यातून निघालेला रस पुरुषाच्या वृषणांना आणि स्त्रीच्या अंडाशयांना कामाला लावतो. पुरुषात टेस्टोस्टेरोन तयार होते, स्त्रीत पाळीचे चक्र चालते, आणि दोघांच्याही इच्छेला या साखळीचा आधार असतो. आता वरच्या माणसाला खाली शिल्लक किती आहे हे कळणार कसे? चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचा रस रक्तात सोडतात. त्याचा शोध १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लागला. लेप्टिन भरपूर, तर कोठारात माल आहे. लेप्टिन घटले, तर कोठार रिकामे होते आहे. ठोके मंद करा.

ही यंत्रणा किती चपळ आहे पाहा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात सडपातळ, निरोगी पुरुषांना तीन दिवस निराहार ठेवले. तेवढ्यात लेप्टिन कोसळले, पियुषिकेचे ठोके विरळ झाले, टेस्टोस्टेरोन उतरले. पुन्हा तोच उपवास, पण बाहेरून लेप्टिन टोचून केला, तेव्हा ही घसरण टळली. म्हणजे पोट रिकामेच होते, फक्त कोठारातून येणारा निरोप बदलला होता. तीन दिवसांत वजन असे कितीसे घटणार? तेव्हा आरशात काही दिसण्याच्या फार आधी आतला हुकूम सुटलेला असतो.

स्त्रियांच्या बाबतीत त्याच वर्षी, २००३ साली, अ‍ॅन लाउक्स यांनी केलेले मोजमाप उपयोगी आहे. व्यायामात खर्च झालेले उष्मांक वजा करून, चरबी वगळता उरलेल्या शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ३० उष्मांक उरतात की नाही, हे त्यांनी पाहिले. त्याखाली गेल्यावर पाचच दिवसांत ठोके बिघडू लागले. ५० किलो वजनाची बाई धरा. चरबी वगळून तिचे शरीर सुमारे ३७ किलो. म्हणजे श्रमाचा खर्च वजा जाता तिला सुमारे ११०० उष्मांक तरी उरले पाहिजेत. दिवसभर राबून संध्याकाळी शिळ्या तुकड्यावर निजणाऱ्या बाईच्या हिशेबात एवढे उरतात का, हा हिशेब ज्याने त्याने आपापल्या घरात करावा. खेळाडूंत हा प्रकार इतका आढळला की, २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याला स्वतंत्र नाव दिले, आणि तो स्त्रियांप्रमाणे पुरुषांनाही होतो हे नमूद केले.

हे प्रयोगशाळेतले झाले. आता गावेच्या गावे उपाशी राहिली तेव्हा काय झाले ते पाहू. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन वेढ्यामुळे हॉलंडच्या पश्चिमेकडील शहरांत शिधा दिवसाला १००० उष्मांकांच्या खाली गेला. पुढे त्याच्याही निम्म्यावर आला. अनेक स्त्रियांची पाळी थांबली. मे १९४५ मध्ये शहरे मुक्त होऊन अन्न आले. त्या उपासमारीनंतर नऊ महिन्यांनी जन्मांचे आकडे खाली गेलेले दिसतात, आणि अन्न आल्यानंतर नऊ महिन्यांनी ते पुन्हा वर चढलेले दिसतात. आपल्याकडे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ झाले. त्या काळच्या जन्मनोंदींतही हीच लकेर सापडते: दुष्काळ, आणि काही महिन्यांनी रिकामे पाळणे. यात पाळी थांबणे आहे, नवरा कामासाठी परमुलखी जाणे आहे, आणि इच्छा मरणेही आहे. तीन्ही धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. पण तिन्हींचे मूळ ताटात आहे.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे भाषण अर्धसत्य होईल. कमी खाणे म्हणजे दरवेळी उपासमार नव्हे. १९३५ साली कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी दाखवले की, उंदरांना पोषक पण मोजके अन्न दिले तर ते जास्त जगतात. तेव्हापासून आयुष्य वाढवण्यासाठी मोजके खावे, असे म्हणणारा एक पंथ निर्माण झाला. मग माणसांवर प्रयोग झाला. अमेरिकेतील तीन ठिकाणी, लठ्ठ नसलेल्या २१८ स्त्रीपुरुषांपैकी काहींना दोन वर्षे आहार चतुर्थांशाने कमी करण्यास सांगितले. प्रत्यक्षात त्यांना जमली ती सुमारे १२ टक्क्यांची कपात, आणि वजन उतरले सुमारे दहा टक्क्यांनी. त्यांच्या कामेच्छेबद्दलची उत्तरे २०१६ साली प्रसिद्ध झाली. इच्छा घटली तर नाहीच. पोटभर खाणाऱ्या गटाच्या मानाने ती थोडी सुधारल्याचेच आढळले. लठ्ठ पुरुषांचे तर वजन उतरले म्हणजे टेस्टोस्टेरोन वाढते, हेही अनेकदा सिद्ध झालेले आहे.

परंतु वर्षानुवर्षे कडक कपात करणाऱ्या पंथीयांचे रक्त तपासले, तेव्हा चित्र वेगळे दिसले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत, अशा २४ पुरुषांचे टेस्टोस्टेरोन बैठ्या पुरुषांपेक्षा तर कमी होतेच, पण तितकीच कमी चरबी असलेल्या धावपटूंपेक्षाही कमी होते. दोघेही सारखेच सडपातळ; एक खाऊन धावणारा, दुसरा न खाणारा. शरीराने फरक केला तो कंबरेच्या घेरावरून नव्हे, रोजच्या आवकेवरून.

तेव्हा निष्कर्ष असा निघतो. कोठार भरलेले असताना, बेताने, देखरेखीखाली केलेली कपात इच्छेला मारीत नाही. कोठारच नाही, किंवा तूट मोठी आहे, किंवा कष्ट तेवढेच ठेवून ताट निम्मे केले आहे, तिथे इच्छा आधी जाते.

आमच्यापैकी काहीजण म्हणतील, गेली तर गेली. कामवासना जिंकण्यासाठी तर आपल्या पूर्वजांनी उपवास सांगितले. या म्हणण्याचा मान ठेवून उत्तर देतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातच असा इशारा आहे की, निराहार राहिल्याने विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे उरते. गांधीजींनी ब्रह्मचर्यासाठी उपवासाचे साहाय्य घेतले, पण मन सोबत नसेल तर उपाशी देहाचा उपयोग नाही, असेच त्यांनी लिहून ठेवले. मिनेसोटाच्या प्रयोगाने याला एक पुस्ती जोडली. त्या तरुणांची एक भूक झोपली तेव्हा दुसरी भूक राक्षसासारखी मोठी झाली. त्यांच्या मनाला शांती लाभली नाही. त्यांचे मन चोवीस तास बटाट्यात अडकले. यास संयम कसे म्हणावे? हातात पैसा असून तो न उधळणारा, तो संयमी. ज्याचा खिसाच कापला गेला, त्याच्या काटकसरीचे कौतुक कसले?

आम्ही स्वतः पाहिलेले एक सांगतो. कामगारांच्या बेमुदत उपोषणाच्या मंडपात आम्ही अनेक रात्री काढल्या आहेत. पहिल्या रात्री जागरणाला जी थट्टामस्करी चालते, ती बायामाणसांसमोर सांगण्यासारखी नसते. चौथ्या-पाचव्या रात्री तीच माणसे, तोच मंडप. पण आता कोणाची आई मटणाचा रस्सा कसा करते, तव्यावरच्या पिठल्याची खरपुडी काढायची कशी, हे बोलणे चालू. सर्वांत चावट म्हणून प्रसिद्ध असलेला गडी ठेच्यात लसूण किती घालावी यावर तास-तास बोले. आम्ही तेव्हा हसलो. पुढे मिनेसोटाची हकिगत वाचली, आणि त्या हसण्यामागे काय होते ते उमगले. आपल्या एकादशीने मात्र असे काही होत नाही. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी आणि केळी खाल्ल्यावर उष्मांकांची तूट पडतच नाही, उलट शिल्लक पडते.

आता घरात काय होते ते सांगितले पाहिजे, कारण आजचा विषय आम्ही निवडला तो त्याचसाठी.

औद्योगिक वसाहतीतला एक तरुण युनियनच्या कचेरीत आला. लग्नाला जेमतेम वर्ष झालेले. "भाऊ, घरात बोलणं बंद झालंय," एवढेच म्हणाला. पुष्कळ वेळाने बाकीचे बाहेर आले. बायकोला वाटत होते, याचे बाहेर कोठेतरी आहे. आईला वाटत होते, कोणी काही केले आहे. याला स्वतःला वाटत होते, आपण नामर्द झालो. भिंतीवरची जाहिरात वाचून तो एका भोंदूकडे गेला होता, आणि अर्धा पगार पुड्यांत घालून बसला होता. आमच्या आरोग्य शिबिराला येणाऱ्या डॉक्टरबाईंकडे त्याला पाठवले. त्यांनी विचारले, "खातोस काय?" व्यायामशाळेतल्या मित्राच्या सल्ल्याने सकाळी दोन अंडी, दुपारी काकडी-टोमॅटो, रात्री एक भाकरी, असा त्याचा चार महिन्यांचा आहार होता. वर आठ तासांची उभी पाळी आणि दीड तास वजने उचलणे. वजन १४ किलो उतरले होते. पोटावरच्या वड्या दाखवण्याजोग्या झाल्या होत्या. घर मात्र मोडायला आले होते. बाईंनी बाकीच्या तपासण्या केल्या, त्यांत दोष निघाला नाही. मग त्यांनी पुड्या केरात टाकायला लावल्या आणि जेवायला लावले. तीन-चार महिने गेले. एके दिवशी तो पेढे न आणता, नुसताच हसत, वर्गणी भरून गेला. आम्ही अधिक विचारले नाही.

पुड्यांचे निघालेच आहे तर मिनेसोटाची उरलेली गोष्ट सांगतो. उपासमार संपल्यावर त्या तरुणांना गटागटाने वाढते अन्न दिले. काहींना जीवनसत्त्वे आणि जादा प्रथिनेही दिली. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी सुधारणेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फरक पडला तो एकूण उष्मांकांनी, भरपूर अन्नाने. आणि इच्छा परत आली ती लगेच नव्हे, काही महिन्यांनी, सावकाश. बंद पडलेला विभाग सुरू करावयाचा तर व्यवस्थापनाला आधी आवकेची खात्री पटावी लागते. कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सारे १९५० साली दोन जाडजूड खंडांत छापले. शक्तिवर्धक पुडीची जाहिरात करणाऱ्याला एवढेच विचारा, बाबा, तुझ्या पुडीत जेवण किती आहे?

अर्थात इच्छा कमी होण्याची कारणे अनेक आहेत. मधुमेह, मनाची उदासी, दारू, काही औषधे, रात्रपाळी, दोन खोल्यांत सात माणसे. दरवेळी दोष ताटाचाच, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही म्हणतो ते इतकेच की, डॉक्टरांनीही आणि घरच्यांनीही ताटाविषयी विचारावे, आणि ते चारित्र्याविषयी शंका घेण्याच्या आधी विचारावे. नवरा किंवा बायको दूर सरली म्हणजे आपण मनातला दोष शोधतो. कित्येकदा तो दोष मनात नसतोच. शरीराने टाळेबंदीची नोटीस लावलेली असते, आणि ती वाचायला आपल्याला कोणी शिकवलेले नसते.

आणि आता वेतन. १९२१-२२ साली मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची चौकशी केली. तिच्यात आढळले की, कामगाराच्या वाट्याला येणारे धान्य दुष्काळी कामांच्या नियमांतील कमाल मापाएवढे आहे, पण तुरुंगाच्या नियमांत कैद्याला ठरवून दिलेल्या मापापेक्षा कमी आहे. सरकारी अहवालानेच हे लिहिले. पुढे जुलै १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचे माप ठरवले. त्यात डॉ. अ‍ॅक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसामागे २७०० उष्मांक धरले, आणि एका कमावत्यामागे तीन माणशी माप. आमची चळवळ तो आकडा आजही मागते. पण तो मागताना आपण नेहमी म्हणत आलो की, कामगाराला काम करण्यापुरती ताकद हवी. यंत्रात तेल घालावे तसे. मालकालाही ती भाषा समजते.

आम्हांला आता वाटते की, ही मागणी अपुरी आहे. मिनेसोटातली माणसे अर्ध्या ताटावरसुद्धा नेमलेले काम उरकत होती. जे आधी गेले ते काम नव्हते. ती ओढ होती, जिच्यामुळे माणूस संध्याकाळी घराकडे पाय उचलतो. म्हणजे वेतन अपुरे पडले तर उत्पादन काही काळ चालू राहील, पाळीचा भोंगा वाजत राहील, हजेरी भरत राहील. आणि नुकसान होईल ते कोणत्याही नोंदवहीत दिसणार नाही. ते दोन माणसांमधल्या अंधारात होईल. त्याचा ठपका ती दोघे एकमेकांवर ठेवतील. त्या तीन मापांच्या हिशेबात स्त्रीला पुरुषाच्या आठ दशांश धरले जाते. आणि आपल्या घरांत ती जेवते सगळ्यांच्या शेवटी, उरले तर. तिच्या इच्छेविषयी तर आपण प्रश्नच विचारीत नाही. तो विचारावयाचा असेल तर तिचे ताट आधी वाढावे.

वजन उतरवू पाहणाऱ्या मंडळींना दोन शब्द सांगून थांबतो. वजन खरोखर जास्त असेल तर जरूर उतरवा. त्यात या बाबतीतही लाभच आहे. पण कपात थोडी ठेवा, सावकाश ठेवा, कष्ट वाढवाल तेव्हा ताट आखडू नका. पाळी चुकू लागली, अवेळी थंडी वाजू लागली, स्वप्नात जेवणावळी दिसू लागल्या, आणि जोडीदाराजवळ बसावेसे वाटेनासे झाले, तर आपला निग्रह फळाला आला असे समजू नका. कोठार रिकामे होत आहे. डॉक्टरांना गाठा, आणि खरे किती खातो ते लपवू नका.

आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला विनंती अशी की, रुसण्याआधी ताटाकडे पाहा. "तुझं माझ्यावर प्रेम उरलं नाही" हे वाक्य पुष्कळ संसारांत बोलले जाते. "तू नीट जेवला नाहीस" हे वाक्य त्याच्या आधी बोलले जावे, इतकीच आमची मागणी आहे. आणि ती मान्य होण्यासाठी संप करण्याची पाळी येऊ नये.